ठेवायला दिलेला बैल

चिंचमाळ, तालुका काटोल
१० मार्च १९८१

चि. सुहासिनी हिला चंपतमामाचे भरपूर आशीर्वाद, आणि त्यात थोडा राग मिसळलेला.

नागपूरच्या पेपरात तुझं नाव वाचलं. गावोगावची छोटी संग्रहालयं हिंडून पाहायची आणि त्यातल्या कोणत्याला मान्यता द्यावी ते सुचवायचं, असं काम ग्रामसंग्रह मंडळानं तुला दिलं म्हणे. फार छान. पण ही बातमी मला पेपरातून कळावी? तुझी मामी म्हणाली, "पोरगी आपल्याले इसरली वाटते." मी म्हणालो, "इसरली नाही वं, आपल्या गावात संग्रहालय हाय हे तिले ठाऊकच नाही."

तर आता ठाऊक करून घे. चिंचमाळला संग्रहालय आहे, ते मी काढलं आहे, आणि अख्ख्या तालुक्यात त्याला तोड नाही. हे मी मामा म्हणून सांगत नाही, पाहिलेल्या माणसांनी सांगितलेलं सांगतो.

झालं असं, की दोन वर्षांपूर्वी सायकलवर एक स्टीलवाला यायला लागला. पितळेची परात घ्यायचा आणि स्टीलचा डबा द्यायचा. बायका खूश. बघता बघता गावातली जुनी भांडी त्याच्या पोत्यात जायला लागली. एक दिवस मी पारावर उभा राहून ओरडलो, "इकू नका! घरात जागा नसंल तर माह्याकडे ठेवायले द्या!" लोकांनी दिली. पंचायतीशेजारी कापूस सोसायटीची जुनी वजनकाट्याची खोली रिकामी होती, तिथं मांडली. पाण्याचे पितळी गुंड, पराती, घंगाळी, मोट, बैलांच्या झुली, जातं. आणि या सगळ्यांचा राजा म्हणजे प्रयागबाईचा लाकडी बैल. तिच्या सासऱ्यानं सागात कोरलेला, खऱ्या वासराएवढा, चाकांवरचा. तान्ह्या पोळ्याला ओढायचा म्हटलं की गल्लीतली सगळी पोरं लागतात.

आता काळजीचं सांगतो. सरपंच मारोतराव म्हणतात, खोली खताच्या गोदामाला पाहिजे. मी भांडलो. शेवटी ठरलं, की पुढल्या वर्षीच्या दिवाळीपर्यंत मंडळाची मान्यता आणली तर खोली माझी, नाही तर युरियाची. म्हणजे सगळं तुझ्या हातात आहे बाई.

आणि एक मागणं. तुझी आई शोभाताई माझी मावसबहीण असली तरी वाढली आमच्याच घरात. तिचा छोटा लाकडी बैल तुझ्याकडे आहे. तो या खोलीत शोभेल. पाठवून दे.

तुझा,
चंपतमामा

---

सदर, नागपूर
२६ मार्च १९८१

ती. मामा आणि मामी,

रागासकट आशीर्वाद पोचले. पेपरवाल्यानं माझ्या आधी तुम्हाला सांगितलं हा त्याचा गुन्हा, माझा नाही.

पहिली गोष्ट, चिंचमाळचा निकाल माझ्या हातात नाही. नात्यातलं गाव म्हणून मी तो घेणार नाही. आमचे अध्यक्ष मनोहरराव स्वतः येऊन पाहतील. शिस्तीचा माणूस आहे. चहाचा कपसुद्धा बशीच्या बरोबर मध्यभागी ठेवतात.

दुसरी गोष्ट, आईचा बैल मी देणार नाही. तो माझ्या बैठकीत शोकेसमध्ये, काचेआड, अगदी सुखात आहे. आईची म्हणून तेवढीच एक वस्तू उरली आहे. रागावू नका.

आता गंमत ऐका. रामटेककडच्या एका गावात एका निवृत्त कंपाउंडरचं संग्रहालय पाहिलं. घराच्या पुढच्या खोलीत जुनी नाणी, दगडी कुऱ्हाडी, एका राजाची म्हणून सांगितली जाणारी तलवार, आणि त्या तलवारीवर वाळत घातलेलं त्यांच्या बायकोचं लुगडं. मी काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "राजा मरून गेला ना, आता तिचं दुसरं काम काय हाय?"

मौद्याजवळ दुसरं. देवस्थानाच्या दोन खोल्या, भलं मोठं कुलूप. किल्ली ज्यांच्याकडे ते ट्रस्टी नागपूरला वाडीत ट्रान्सपोर्टच्या गोदामात काम करतात. ते गावी आले की इतिहास उघडतो, ते परत गेले की बंद. म्हणजे मी नागपुरातून एस.टी.नं तिथं गेले, आणि किल्ली इथंच, नागपुरात!

तुमच्याकडे किल्ली कोणाकडे असते?

तुमची,
सुहासिनी

---

चिंचमाळ
१४ एप्रिल १९८१

चि. सुहासिनी,

किल्ली? आमच्याकडे कुलूपच नाही. दार लोटलं की झालं. त्या ट्रस्ट्याला म्हणावं, येऊन बघ.

आणि आमच्या वस्तू तुझ्या त्या तलवारीसारख्या पेन्शनीत निघालेल्या नाहीत. कोणाकडे लग्न निघालं की मोठी घंगाळी जातात, कार्य झालं की घासूनपुसून परत येतात. मागच्या पोळ्याला तर खोली पार रिकामी होती. झुली खऱ्या बैलांच्या पाठीवर, आणि दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा म्हणून लाकडी बैल पोरांच्या दोरीला. संध्याकाळी घरोघर फिरून बोजारा मागून झाला, खिशात पैसे आणि तोंडात खोबरं घेऊन पोरं आली, बैल जागेवर लावून गेली. एक वस्तू हरवली नाही. सांग त्या मनोहररावांना!

बैलाबद्दल रागावलो आहे. मामी म्हणते, रागावू नका. तरी रागावलो आहे.

चंपतमामा

---

सदर, नागपूर
८ जुलै १९८१

ती. मामा,

तुमचं पत्र वाचून हसले आणि मग घाबरले. लग्नाला घंगाळी? पोळ्याला खोली रिकामी? हे मनोहररावांच्या कानावर गेलं तर ते चिंचमाळला यायचे सोडाच, नकाशातूनही खोडतील.

मागच्या आठवड्यात भिवापूरकडे एका शाळेतलं संग्रहालय पाहिलं. मुख्याध्यापक मधुकरराव यांनी उभं केलंय. मामा, डोळे निवले. ओळीनं काचेची कपाटं, प्रत्येक वस्तूखाली टाइप केलेली चिठ्ठी, पितळ इतकं लखलखीत की त्यात तोंड दिसावं. मनोहरराव तर म्हणाले, "हे खरं संग्रहालय." तुम्हाला मान्यता हवी असेल तर असं काही करावं लागेल.

मंडळाची पहिली अट अशी, की संग्रहातली वस्तू जागची हलता कामा नये. तेव्हा दाराला कुलूप लावा. वस्तूंखाली चिठ्ठ्या लावा, "हात लावू नये" असं लिहा. आणि या पोळ्याला कृपा करून काही बाहेर जाऊ देऊ नका. एकच वर्ष कडक राहा, मग खोली कायमची तुमची. लोक समजून घेतील. शेवटी त्यांच्याच भल्याचं आहे.

तुमची,
सुहासिनी

---

चिंचमाळ
१२ सप्टेंबर १९८१

चि. सुहासिनी,

तुझ्या शब्दाबाहेर नाही. दाराला कुलूप लावलं, अलिगढचं. शाळेतल्या गुरुजींकडून सुरेख अक्षरात चिठ्ठ्या लिहून घेतल्या. "पितळी गुंड. हात लावू नये." "मोट. हात लावू नये." प्रयागबाईच्या बैलाभोवती तर सुंभाची दोरीच बांधली. त्या मधुकररावांनी येऊन पाहावं.

पोळा झाला. पोळ्याच्या संध्याकाळी प्रयागबाई वाटीत तेल घेऊन आली, चाकांना घालायला. मी नियम सांगितला. ती म्हणाली, "भाऊजी, तुमी ठेवायले मांगतलं, मी ठेवायले देल्लं. देऊन नाही टाकलं." मी म्हटलं, एक वर्षाचा प्रश्न आहे, मंडळानंच तसं सांगितलं आहे. तिनं वाटी पदराखाली घेतली आणि गेली.

थोडी नाराज असेल. बाकी सगळं उत्तम आहे. संग्रहालय आता अगदी नीट, शांत दिसतं.

चंपतमामा

---

सदर, नागपूर
२० डिसेंबर १९८१

ती. मामा,

दिवाळीला तुमचं पत्र नाही, असं पहिल्यांदाच झालं. मला वाटतं तुम्ही अजून आईच्या बैलावरून रुसून बसला आहात. रुसा, पण कामाचं ऐका. मनोहरराव जानेवारीत काटोलकडे येणार आहेत. तुमच्या कुलपाचं आणि चिठ्ठ्यांचं मी इतकं कौतुक केलंय की त्यांनीच विचारलं, "चिंचमाळला कधी जायचं?" तारीख कळवा. झेंडे-पताका लावू नका, ते त्यांना आवडत नाही.

तुमची,
सुहासिनी

---

चिंचमाळ
४ जानेवारी १९८२

चि. सुहासिनी,

कार्डावर थोडक्यात लिहितो. संत्र्याचा तोडा सुरू आहे, व्यापारी दारात बसला आहे. तुझ्या मामीचे गुडघे दुखतात. शिवाय ओढ्यावरचा पूल खचला आहे, मोठ्या माणसांची जीप अडकायची. तेव्हा जानेवारी नको. मी सवडीनं कळवीन. संग्रहालय उत्तम आहे.

चंपतमामा

---

सदर, नागपूर
१५ मार्च १९८२

ती. मामा,

पूल खचलेला नाही. मी त्याच्यावरून बसमधून गेले. मामींचे गुडघे माझ्यापेक्षा चांगले आहेत. आणि संत्र्यांचा व्यापारी फेब्रुवारीतच निघून गेला.

हो, मी परवा चिंचमाळला येऊन गेले, न सांगता. तुम्ही मळ्यात होता. तुमचा रुसवा काढावा म्हणून संत्रा बर्फी घेऊन आले होते. मामींनी घरातून किल्ली आणून दिली आणि म्हणाल्या, "जा, पाहून ये. मी काही सांगत नाही."

मी कुलूप उघडलं. मामा, खोलीत काहीच नव्हतं. भिंतीला फळ्या, फळ्यांवर ओळीनं चिठ्ठ्या, सुरेख अक्षर. "पितळी गुंड. हात लावू नये." गुंड नाही. "झूल. हात लावू नये." झूल नाही. मधोमध सुंभाच्या दोरीचा चौकोन, आणि आत नुसती जमीन. एका कोपऱ्यात तुमची खुर्ची. मामी सांगत होत्या, तुम्ही रोज संध्याकाळी कुलूप उघडून तिथं बसता. मला तिथंच रडू आलं.

मग मामींना बोलतं केलं. त्या म्हणाल्या, "तान्ह्या पोळ्याच्या सकाळी प्रयागबाई आली, किल्ली मांगतली आन् बैल घेऊन गेली. मंग एकेक जन आला. कोनी भांडलं नाही बाई. 'जरासं काम होतं' म्हणे आन् उचलून ने. भांडले असते तर तुह्या मामानं भांडून तरी घेतलं असतं." घंगाळं गेलं, गुंड गेला. दोन घरांतून पराती त्या स्टीलवाल्याकडेही गेल्या म्हणे.

प्रयागबाईंकडेही गेले. बैल त्यांच्या ओसरीत आहे, वर गोणपाट टाकलेलं. त्या माझ्याशी चांगलं बोलल्या, चहा दिला. मी म्हटलं, नियम माझा होता, मामांचा नाही. त्या म्हणाल्या, "नेम कोनाचा बी असो. मी तेल घेऊन गेली होती. तेल घेऊन येनाऱ्याले कोनी परत धाडते का?"

मामा, नियम माझा आणि कुलूप तुमचं, दोघांनी मिळून हा घोळ केला आहे. पण तुम्ही मला "उत्तम, उत्तम" लिहीत राहिलात याचा मला फार राग आला आहे. दिवाळीला अजून वेळ आहे. काय करायचं ते सांगा. मनोहररावांना मी अजून काही बोललेले नाही.

आणखी एक. मागच्या आठवड्यात भिवापूरकडच्या त्या शाळेत पुन्हा गेले होते. काचा तशाच लखलखीत होत्या. मी बाहेरच्या चहावाल्याला विचारलं, तुम्ही पाहिलं का हो संग्रहालय? तो म्हणाला, "ते साहेब लोकायसाठी हाय ना जी."

सुहासिनी

---

चिंचमाळ
२५ जुलै १९८२

चि. सुहासिनी,

तुझं पत्र आलं तेव्हा आधी रागावलो. न सांगता येतेस, कुलूप उघडतेस, माझी खुर्ची बघतेस! मामीशी दोन दिवस बोललो नाही. तिला काही फरक पडला नाही.

मग एकदा जेवताना ती म्हणाली, "मान्यता आनून दाखवतो म्हनून गावभर सांगतलं. आता त्या खोलीत युरिया येईन, आन् तुमी त्याच्यावर खुर्ची टाकून बसा." पोरी, मला रात्रभर झोप नाही. त्या स्टीलवाल्याला हाकलायला निघालेला माणूस मी, आणि माझ्याच पायी दोन पराती त्याच्या पोत्यात गेल्या. ही गोष्ट मला फार लागली आहे. लिहिलं नाही कारण लिहिताच येईना.

आता पुरे झालं. मी ठरवलं आहे. अलिगढचं कुलूप काढून मामीच्या धान्याच्या कोठीला लावलं. चिठ्ठ्या ठेवल्या आहेत, पण त्यातलं "हात लावू नये" एवढं माझ्या हातानं खोडलं.

तू मनोहररावांना घेऊन ये. तान्ह्या पोळ्याच्या दिवशी ये. आदल्या दिवशी नको, दुसऱ्या दिवशी नको. खोली आज रिकामी आहे आणि तुम्ही याल तेव्हाही रिकामीच असेल. तरी घेऊन ये. मी काय करणार ते विचारू नकोस. मामीलाही सांगितलेलं नाही. तिला फक्त पुरणाची डाळ जास्त भिजवायला सांगितली आहे.

घाबरू नकोस. मामा आहे.

चंपतमामा

---

सदर, नागपूर
तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, ऑगस्ट १९८२

ती. मामा,

जीपमधून उतरून घरी आले, झोपले, उठले आणि लिहायला बसले. पायाला अजून तुमच्या गावची माती आहे.

तुम्ही मिरवणुकीत पुढं होता, म्हणून तुम्हाला हे ठाऊक नाही. आम्ही पोचलो तेव्हा खोलीत चिटपाखरू नव्हतं. मनोहरराव हात मागे बांधून फळीफळीवरून फिरले, एकेक चिठ्ठी मोठ्यानं वाचली. "पितळी गुंड. कुठे आहे? मोट. कुठे आहे? आणि हे 'हात लावू नये' कोणी खोडलं?" त्यांनी टोपी घातली. मला म्हणाले, "सुहासिनीबाई, तुम्ही मला रिकामी खोली दाखवायला नागपूरहून इथं आणलंत?" मी म्हटलं, जरा थांबा. का थांबायचं ते मलाही माहीत नव्हतं. तुमच्या "मामा आहे" एवढ्या दोन शब्दांवर उभी होते.

मग डफडं ऐकू आलं. दारातून पाहते तर तुम्ही, डोक्याला गुलाबी फेटा, आणि मागे सगळं गाव. पोरांच्या दोरीला लाकडी बैल. लहान, मोठे, एक तर शिंग मोडलेला. आणि सगळ्यांच्या मागे प्रयागबाईंचा तो वासराएवढा, गळ्यात घुंगरमाळ, पाठीवर खरी झूल. बायकांच्या डोक्यावर गुंड, गुंडात पाणी. मोठ्या परातीत मळलेली कणीक, घंगाळ्यात कढी. जी जी वस्तू चिठ्ठीवर वाचली होती ती कामाला लागून चालत येत होती. मनोहरराव टोपी काढून दारातून बाजूला झाले, बैलांना आत यायला वाट दिली. मी त्यांना कोणासाठी बाजूला होताना पहिल्यांदाच पाहिलं.

जेवणं झाल्यावर बायकांनी भांडी घासली, आणि कोणी न सांगता ज्याची त्याची वस्तू ज्याच्या त्याच्या चिठ्ठीवर जाऊन बसली, हेही त्यांनी पाहिलं. मग त्यांनी प्रयागबाईंना विचारलं, "हा बैल तुम्ही संग्रहालयाला कायमचा दिला आहे का?" मी डोळे मिटले. त्या म्हणाल्या, "ठेवायले देल्ला हाय. पोळ्याले नेईन." आणि तेलाची वाटी त्यांच्याच हातात देऊन म्हणाल्या, "धरा जी जरा." मनोहररावांनी ती वाटी अख्ख्या चाकाला तेल घालून होईपर्यंत धरली.

निकाल काय देतील ते मला ठाऊक नाही. मला फक्त एक सांगा. प्रयागबाईंनी वर्षभर जो बैल गोणपाटाखाली ठेवला तो तुमच्या दारात कसा आला? काय सांगितलंत त्यांना?

सुहासिनी

---

चिंचमाळ
२९ ऑगस्ट १९८२

चि. सुहासिनी,

काही सांगितलं नाही. तिच्याशी बोललोच नाही, बैलाशी बोललो.

तू नागपूरची झालीस तरी खांदशेकणी विसरली नसशील. पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलाचे खांदे पळसाच्या पानानं हळद-लोण्यानं शेकायचे आणि त्याला सांगायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." वर्षभर ज्याच्या मानेवर जू ठेवलं त्याला मानानं बोलवायचं. ते मी माझ्या बैलांना दरवर्षी करतो. मग खुर्चीवर बसल्या बसल्या मनात आलं, की ज्याच्या भोवती मी दोरी बांधली त्या लाकडी बैलाला कोणी बोलावलं? मी तर त्याला डांबून ठेवला होता.

म्हणून पोळा फुटल्यावर, म्हणजे तान्ह्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी, ताटलीत हळद, लोणी आणि पळसाची पानं घेऊन निघालो. लाकडी बैलाची खांदशेकणी गावानं कधी पाहिली नव्हती. पोरं मागं लागली. कोणी म्हणालं, "मामाले येड लागलं." लागू दे म्हटलं. पहिल्यांदा प्रयागबाईच्याच ओसरीवर गेलो. ती दारात उभी राहिली, ये म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. मी गोणपाट काढलं, बैलाच्या खांद्याला लोणी लावलं, हळद लावली. आणि मोठ्यानं म्हणालो, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या. आल्यावर रहा, मन असंल तवर रहा, आन् जेव्हा मन होईन तेव्हा घरी वापस या. दाराले कुलूप नाही."

म्हातारा माणूस लाकडासमोर उभा राहून रडायला लागला, तेव्हा ती आत गेली. मला वाटलं, संपलं. ती बाहेर आली ती तेलाची वाटी घेऊन. म्हणाली, "भाऊजी, चाक कुरकुर करते त्याचं. उद्या एवढ्या लांब यायचं हाय त्याले."

त्यानंतर बाकीच्या घरी काही अवघड गेलं नाही. बैल असेल तिथं बैलाला, नसेल तिथं गुंडाला, परातीला आवतन दिलं. मारोतरावांच्या घरीही गेलो. त्यांच्या आईचं जातं होतं आमच्याकडे, त्याला हळद लावली. सरपंच बघतच राहिले. दुसऱ्या दिवशी ते जातं त्यांनी स्वतः खांद्यावरून आणलं, आणि पुरणपोळी चार वेळा मागून घेतली. खताचं नाव काढलं नाही.

मान्यतेचं काय ते कळव. पण नाही मिळाली तरी मी आता कोणाला घाबरत नाही.

चंपतमामा

---

सदर, नागपूर
२ ऑक्टोबर १९८२

ती. मामा आणि मामी,

मिळाली. मंडळाचं रीतसर पत्र वेगळं येईल, फ्रेम करून लावा, पण वस्तूंच्या जागेवर नको.

बैठकीत एकजण म्हणाले, वस्तू जागची हलता कामा नये हा आपला नियम आहे, चिंचमाळला तो मोडला जातो. मनोहररावांनी मला नियमाचा कागद काढायला सांगितला आणि पेनानं पुढं स्वतः लिहिलं, "गावच्या सणाचे आणि कार्याचे दिवस सोडून." मग म्हणाले, "भिवापूरलाही हे कळवा. तिथल्या काचा जरा उघडायला सांगा." आणि बैठकीनंतर मला हळूच विचारलं, "ते चाक अजून कुरकुरतं का हो?"

त्या दिवशी घरी येऊन मी शोकेस उघडलं. आईचा बैल काढला. इतकी वर्षं पुसत होते ती काच बाहेरून पुसत होते. त्याच्या पायाखाली फळीवर चार चाकांचे चार ठसे उमटले आहेत आणि एक चाक जागच्या जागी जाम झालं आहे. मी जमिनीवर बसले, चाकाला खोबरेल तेल घातलं, दोरी बांधली आणि बैठकीतून स्वयंपाकघरापर्यंत ओढून नेला. शेजारच्या इंदुताई दारातून पाहत होत्या. त्यांना वाटलं असेल, या बाईचं काहीतरी बिनसलं. मला आईचा आवाज ऐकू आल्यासारखं झालं, मामा. ती चिंचमाळच्या गल्लीत याला ओढत धावली असेल, आणि मी तिच्या बैलाला काचेत उभं करून त्याला आठवण म्हणत होते.

पण तो मी तुम्हाला देणार नाही. ठेवायला देईन. दर तान्ह्या पोळ्याला तो गल्लीत फिरलाच पाहिजे, आणि दोरी कोणत्याही पोराच्या हातात चालेल. एकच अट. मी आणून पोचवणार नाही. प्रयागबाईंच्या बैलाला आवतन होतं, माझ्या आईच्या बैलानं तसंच यायचं का?

तुमची,
सुहासिनी

---

चिंचमाळ
ऑगस्ट अखेर, १९८३

(पोस्टकार्ड. चारही कोपऱ्यांना हळद लावलेली, मधे लोण्याचा डाग.)

श्री. नंदीबैल
मु. सुहासिनी यांची बैठक
सदर, नागपूर

यांना चंपतरावाचा नमस्कार.

पोळा जवळ आला आहे. तुम्ही लाकडाचे, आम्ही हाडामांसाचे, पण गाव एकच. प्रयागबाईनं तुमच्यासाठी वेगळं तेल काढून ठेवलं आहे. तुमची फळी मी स्वतः पुसली आहे आणि चिठ्ठीवर लिहिलं आहे, "शोभाताईचा बैल. ठेवायला दिलेला."

आज आवतन घ्या, तान्ह्या पोळ्याले जेवायले या.

येताना सुहासिनीलेही सोबत घ्या. तिले एकटीनं यायची सवय हाय, पन यंदा तिले कोनीतरी ओढत आनलं पाह्यजे.